पाणी येऊन जाईल असा काठ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



जुन्नर तालुक्यातल्या ओझरला आपल्यापैकी बहुतेकजण कधी ना कधी जाऊन आलेले असतील. अष्टविनायकांपैकी विघ्नहराचं हे स्थान कुकडी नदीच्या काठावर आहे. दर्शन झालं, प्रसाद घेतला, की माणसाची पावलं आपोआप पाण्याकडे वळतात. कुणी पाय धुतं, कुणी नुसतं बसून राहतं. म्हातारी माणसं सावली शोधतात आणि पोरं पाण्यात खडे मारतात. देवळाइतकीच ही काठावरची जागाही सगळ्यांची असते. तिथं तिकीट नसतं आणि जातपातही कुणी विचारत नाही. नदीकाठ ही आपल्याकडची सगळ्यात जुनी सार्वजनिक जागा आहे, असं मला वाटतं.

ओझरजवळची कुकडी मात्र इतर नद्यांसारखी दिसत नाही. खाली जवळच येडगावचं धरण आहे आणि त्याचा फुगवटा इथपर्यंत येतो. त्यामुळे नदी इथं वाहताना दिसण्यापेक्षा थांबलेली दिसते. पावसाळ्याअखेरी पाणी वर चढलेलं असतं. पुढे आवर्तनं सुटतात तसं ते खाली उतरत जातं. उन्हाळ्यात अशा जलाशयाच्या काठाला उभं राहिलं, तर उघड्या पडलेल्या मातीवर एकाखाली एक रेघा दिसतात. पाणी जिथं जिथं चार दिवस थांबलं, तिथं तिथं त्यानं आपली रेघ ओढून ठेवलेली असते. मी व्यवसायानं स्थापत्य अभियंता आहे. नदीकाठचे बरेच नकाशे मी काढले. पण नकाशावर मी नदीचा काठ नेहमी एकाच रेघेनं दाखवत आलो. नदी स्वतः मात्र पन्नास रेघा ओढते. आज मी जे सांगणार आहे, ते या फरकाबद्दल आहे.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी भीमेच्या खोऱ्यातल्या एका लहान गावात नदीकाठी बाग करण्याचं काम माझ्याकडे आलं. जागा सुरेख होती. मी हिरवळ केली, फरशीचे रस्ते केले, दिव्यांचे खांब उभे केले. जनावरं आत शिरू नयेत म्हणून बागेच्या दोन्ही टोकांना, काठापासून थेट पाण्याच्या दिशेनं, दगडी भिंत घातली आणि त्या भिंतीवर लोखंडी जाळी बसवली. उद्घाटन झालं, हारतुरे झाले. दुसऱ्याच पावसाळ्यात नदीला पाणी आलं. तो काही मोठा महापूर नव्हता. दर पाच-सात वर्षांनी येतं तेवढंच पाणी होतं. पण पुराबरोबर नुसतं पाणी येत नाही. उसाचं पाचट येतं, जलपर्णी येते, कडबा, फांद्या, प्लॅस्टिक, सगळं येतं. ते सगळं माझ्या जाळीला येऊन अडकलं. पाहता पाहता जाळीचा बांध झाला. पाणी त्याच्या मागे तुंबलं, वळलं आणि शेजारच्या आळीत शिरलं. पहाटे भिंत आडवी झाली तेव्हा कुठं ते उतरलं. जीवितहानी झाली नाही हे आमचं नशीब. पण ज्या चार घरांत पूर्वी कधी पाणी शिरलं नव्हतं, त्यांचं धान्य भिजलं, अंथरुणं भिजली.

मी पाहणीला गेलो तेव्हा तिथं धुणं धुणाऱ्या एक मावशी भेटल्या. त्या रागावल्या नव्हत्या, हेच मला जास्त लागलं. म्हणाल्या, "साहेब, आमी इथं चाळीस वर्सं धुनं धुतोय. पानी वाढलं की आमी दगड सोडतो आन् वर जातो. तुमी पान्यालाच म्हनलात, तू दुसरीकडनं जा. आता त्ये बिचारं कुठनं जानार?"

मावशींचं ते वाक्य मी तेव्हापासून बरोबर घेऊन फिरतो आहे. मी बाग अशी केली होती, जणू पाणी कधी येणारच नाही. आणि आलं तर त्यानं माझ्या भिंतीचा मान राखावा. खरा प्रश्न असा विचारायला हवा होता, की पाणी येणारच आहे, तर ते कुठून येईल, कुठून जाईल, जाताना काय नेईल आणि गेल्यावर काय ठेवून जाईल?

हा प्रश्न आपल्याकडच्या जुन्या बांधणाऱ्यांनी विचारलेला होता. त्याची तीन उदाहरणं सांगतो. तिन्ही जागा आपल्या पाहण्यातल्या आहेत.

पहिलं वाईचं. कृष्णेच्या घाटावरचा ढोल्या गणपती आपण पाहिला असेल. सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ १७६२ च्या सुमारास बांधलं. दर्शन घेऊन आपण समोरूनच परततो. पण एकदा मुद्दाम मागच्या बाजूला जाऊन पाहा. देवळाची मागची भिंत सपाट नाही. माशाच्या आकारासारखी ती निमुळती होत गेली आहे. पुराचं पाणी त्या टोकावर येतं, दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. सपाट भिंत असती तर तिला पाण्याचा सगळा भार छातीवर घ्यावा लागला असता. नदीच्या वाटेत काही उभं करायचंच असेल, तर त्यानं पाण्याला वाट द्यावी, हा धडा त्या भिंतीत आहे.

दुसरं उदाहरण नृसिंहवाडीचं. कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावर दत्ताच्या पादुकांचं मंदिर आहे. पावसाळ्यात तिथं पाणी मंदिरात शिरतं. उत्तरेच्या बाजूनं आत येतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. आपण याला आपत्ती म्हणत नाही, दक्षिणद्वार सोहळा म्हणतो. लोक त्या पाण्यात स्नान करायला लांबून येतात. पण नुसता भाविकपणा म्हणून याकडे पाहू नका, त्यामागची व्यवस्था पाहा. पाणी वाढू लागलं की काय हलवायचं हे ठरलेलं असतं. उत्सवमूर्ती उंचावर न्यायची असते, दुकानदारांनी माल उचलायचा असतो. पाणी आत यायला दार आहे आणि बाहेर जायलाही दार आहे. जे जागच्या जागी राहणार आहे ते दगडाचं आहे, आणि जे भिजू नये ते उचलून नेता येण्यासारखं आहे. पाणी ओसरलं की गाळ धुऊन काढायचा आणि नित्यक्रम पुन्हा सुरू करायचा. पुराला तोंड देणारी सार्वजनिक जागा म्हणून आज जगभर जे शिकवलं जातं, त्यातलं निम्मं तरी इथं दिसतं.

तिसरं उदाहरण नाशिकचं. गोदाघाटावर दुतोंड्या मारुती उभा आहे. गोदावरीला पूर आला की सगळं नाशिक एकच विचारतं, पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, की छातीला? गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले हे कळण्याआधी शाळकरी पोरालासुद्धा मारुतीकडे पाहून पुराचा अंदाज येतो. पॅरिसच्या लोकांचंही असंच आहे. तिथं सीन नदीवरच्या आल्मा पुलाशी झुआव सैनिकाचा एक दगडी पुतळा आहे. १९१० च्या मोठ्या पुरात पाणी त्याच्या खांद्यापर्यंत आलं होतं, आणि आजही नदी चढू लागली की पॅरिसकर त्याचे पाय बुडाले की मांड्या, हे पाहतात. मुद्दा एवढाच, की इशारा लोकांच्या भाषेत आणि लोकांच्या नजरेसमोर असायला हवा. कार्यालयातल्या फाइलीत असलेला आकडा काठावरच्या माणसाला वाचवू शकत नाही.

आता कुणी म्हणेल, मग झालं, जुन्यांसारखे घाट बांधा. पण गोष्ट एवढी सोपी नाही. जुने घाट बांधले तेव्हा नद्यांवर आजच्यासारखी मोठी धरणं नव्हती. नदीच्या पात्राशेजारी हजारो घरंही नव्हती. पुण्याची मुठा घ्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासल्याचं धरणही गेलं, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. त्या दिवसाच्या आठवणी अजून घराघरांत सांगितल्या जातात. ते धरणफुटीचं संकट होतं, नेहमीचा पूर नव्हता. पण त्यातून पुण्याला एक गोष्ट कळायला हवी होती. नदीशेजारची जमीन रिकामी दिसत असली, तरी ती मोकळी नसते. नदीनं ती राखून ठेवलेली असते.

ही राखीव जागा दाखवण्यासाठी आपल्या राज्यात पूररेषा आखतात. १९८९ मध्ये पाटबंधारे खात्यानं तसं परिपत्रकच काढलं. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई. तिथं बाग, मैदान, शेती असे मोकळे उपयोग चालतात. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधायचं तर अटींसह.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. "पंचवीस वर्षांतून एकदा" म्हणजे एकदा पूर येऊन गेला की पुढची चोवीस वर्षं निवांत, असं नाही. त्याचा अर्थ असा, की दरवर्षी असा पूर येण्याची शक्यता शंभरात चार असते, काल येऊन गेला असला तरीसुद्धा. या हिशेबानं पंचवीस वर्षांच्या काळात असा पूर निदान एकदा तरी येण्याची शक्यता चौसष्ट टक्के भरते. लाल रेषेचा पूर, जो शंभर वर्षांचा म्हणून आपण सोडून देतो, तो तीस वर्षांत निदान एकदा येण्याची शक्यता सव्वीस टक्के आहे. तीस वर्षं म्हणजे किती, तर घराचं कर्ज फिटायला जेवढी लागतात तेवढी. बागेतल्या बाकाचं आयुष्यही तेवढंच असतं, आणि बागेच्या कंत्राटाचं त्याहून फार कमी.

शिवाय रेषा कागदावर राहते आणि जमीन बदलते. मुठेसाठी निळी रेषा ६० हजार आणि लाल रेषा १ लाख क्युसेक प्रवाह धरून आखलेली आहे. २५ जुलै २०२४ रोजी पहाटे खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडलं गेलं, आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं. लोकांना झोपेतून उठून वर पळावं लागलं. क्युसेक हा शब्द आपण बातम्यांत ऐकतो आणि सोडून देतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटर. ३५ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. दहा हजार लिटरचे शंभर टँकर दर सेकंदाला ओतले जात आहेत, असं डोळ्यांसमोर आणा. तरीही हे पाणी निळ्या रेषेच्या हिशेबातल्या पाण्यापेक्षा कमीच होतं. मग ते घरात का शिरलं? कारणांची बरीच चर्चा झाली. धरणाखाली पडणारा पाऊस त्यात मिळतो, ओढे-नाले मिळतात, पात्रात राडारोड्याचे भराव पडलेले असतात. ज्या भांड्यात पूर्वी चार तांबे पाणी मावत होतं, त्यात आपण खडे टाकत गेलो, तर तीन तांब्यांतच ते भरून वाहणार.

आणि याच पुण्यात पुराशी जमवून घेणारी एक साधी गोष्टही आहे, ती म्हणजे भिडे पूल. दरवर्षी खडकवासल्यातून पाणी सोडलं की वर्तमानपत्रात बातमी येते, "भिडे पूल पाण्याखाली". आपण ती काळजीनं वाचतो. पण तो पूल मुळात बुडण्यासाठीच ठेंगणा आहे. पाणी वाढलं की रस्ता बंद होतो, पूल पाण्याखाली जातो, पाणी ओसरतं, गाळ-कचरा काढतात आणि वाहतूक पुन्हा सुरू होते. अडचण होते, पण संकट येत नाही. नदीकाठच्या सार्वजनिक जागेकडूनही मी एवढीच अपेक्षा करतो. वर्षातले दहा दिवस ती नदीला द्यावी, उरलेले तीनशे पंचावन्न दिवस आपण वापरावी.

पुण्यात मुळा, मुठा आणि मुळा-मुठेच्या सुमारे ४४ किलोमीटर काठावर नदीकाठ सुधारणेचा मोठा प्रकल्प हाती घेतला आहे. मार्च २०२२ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. त्यावर वादही आहे. करणारे म्हणतात, काठ स्वच्छ होतील, लोकांना नदीपर्यंत जाता येईल आणि पुराची पातळीही आटोक्यात येईल. विरोध करणारे म्हणतात, बांध घालून पात्र आवळलं जाईल, काठची झाडी जाईल आणि बदलत्या पावसाचा हिशेब नीट धरलेला नाही. या वादात इथं मी निकाल देणार नाही. पण आपल्या गावात किंवा शहरात असा कुठलाही नकाशा मांडला गेला, तर सुंदर रंगीत चित्र पाहून भुलू नका, एवढं नक्की सांगेन. त्या चित्रात नेहमी आकाश निळं असतं आणि नदी शहाण्या मुलासारखी खाली बसलेली असते. तुम्ही त्या मंडळींकडे आडवा छेद मागा. म्हणजे नदी सुरीनं आडवी कापली तर कशी दिसेल, ते चित्र. काम होण्यापूर्वीचा छेद आणि नंतरचा छेद एकावर एक ठेवा. पाण्याची जागा वाढली आहे की कमी झाली आहे, हे अभियंता नसलेल्या माणसालाही दिसतं.

पाण्याची जागा वाढवताही येते. नेदरलँड्स हा देश बांध घालण्यात जगाचा गुरू. १९९५ मध्ये तिथल्या नद्या इतक्या फुगल्या, की सुमारे अडीच लाख माणसं हलवावी लागली. तेव्हा त्यांनी बांध उंच करत जाण्याऐवजी नदीला जागा परत देण्याचं ठरवलं. तीसहून अधिक ठिकाणी अशी कामं केली. नाइमेखन शहराजवळ वाल नदी अरुंद होत होती. तिथं त्यांनी बांध सुमारे ३५० मीटर मागे घेतला आणि नदीला दुसरा प्रवाहमार्ग खणून दिला. दोन प्रवाहांच्या मधे जे बेट तयार झालं, तिथं आता लोक फिरायला जातात, उन्हाळ्यात पोहतात. त्यासाठी काही घरं हलवावी लागली, हेही सांगायला हवं. नदीला जागा द्यायची तर ती कुणाकडून तरी घ्यावी लागते, आणि ती नेहमी गरिबाकडूनच घेतली जाऊ नये, ही काळजी आपल्याकडे जास्तच घ्यावी लागेल.

आता व्यवहाराचं बोलू. कारण मोठ्या शहरांपेक्षा मला जास्त चिंता लहान गावांची आणि तीर्थक्षेत्रांची वाटते. तिथं सुशोभीकरणाचा निधी येतो आणि पहिलं काम काय होतं? काठाला सरळ काँक्रीटची भिंत, वर चकचकीत फरशी, रेलिंग, उंच दिवे आणि एक कारंजं. दोन पावसाळ्यांत फरशी उखडते, मोटार जळते आणि कारंज्याच्या टाकीत डास होतात. त्याऐवजी काठाचे तीन थर कल्पावेत.

सगळ्यात खालचा थर नदीचा. तिथं दगडी पायऱ्या, उतार, गवत, वाळुंज, करंज, उंबर, लव्हाळे. लव्हाळे पुरात वाकतात आणि म्हणूनच टिकतात, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. या थरात विजेची एकही तार नको. पायऱ्या पाण्याखालीही रुंद चालू राहाव्यात. एकदम खोल तुटलेला काठ नको, कारण काठावर येणाऱ्या अनेक भाविकांना पोहता येत नाही.

मधला थर दोघांचा. मैदान, आठवड्याचा बाजार, जत्रेचे पाळणे, भजनाला बसायला पार. इथं जे असेल ते एकतर दगडासारखं पक्कं असावं, नाहीतर उचलून नेता येईल असं. टपऱ्या चाकांवर असाव्यात. आडव्या भिंती मुळीच नकोत. कठडा लागलाच तर नदीच्या प्रवाहाला समांतर, आणि पुरात आडवा पाडून ठेवता येईल असा. जमिनीला नदीकडे उतार असावा, म्हणजे पाणी डबक्यात न अडकता निघून जाईल.

वरचा थर आपला. स्वच्छतागृह, विजेचं फलक, पंप, दुकानं, दवाखाना हे सगळं लाल रेषेच्या वर. आणि खालून वर यायचे जिने रुंद, सरळ, अंधारातही दिसतील असे, दर थोड्या अंतरावर. गर्दीच्या दिवशी पाणी वाढलं तर माणसांनी कुठं पळायचं हे त्या जागेनंच सांगायला हवं.

याखेरीज दोन गोष्टी नकाशात कधीच नसतात. एक म्हणजे नाल्यांची तोंडं. नदी चढली की पाणी काठावरून येण्याआधी नाल्यातून उलटं फिरून गावात येतं. तिथं एका दिशेनंच उघडणारी झडप हवी आणि ती दर मे महिन्यात साफ व्हायला हवी. दुसरी गोष्ट म्हणजे गाळ. पूर ओसरल्यावर बोटबोट जाडीचा चिखल बसतो. ओला असताना तो फावड्यानं निघतो, वाळला की दगड होतो. म्हणून ट्रॅक्टर खाली उतरेल असा उतार हवा, धुवायला पाण्याचा नळ हवा, आणि दरवर्षीच्या अंदाजपत्रकात या सफाईचे पैसे वेगळे काढलेले हवेत. बांधायला लाखो रुपये देणारे पुष्कळ भेटतात. पण धुवायला पाच हजार कोण देणार, यावरून जागा टिकते किंवा मरते.

पुन्हा ओझरकडे येतो. इथं पुराचं रूप वेगळं आहे. कुकडी प्रकल्पात पाच धरणं आहेत. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे. यांतलं माणिकडोह वरच्या अंगाला कुकडीवरच आहे. डिंभे तर आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर, पण त्याचंही पाणी कालव्यानं येडगावात येतं. तिथून ते पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत शेताला जातं. म्हणजे ओझरच्या काठावरचं पाणी इथं पाऊस पडला म्हणूनच वाढेल, असं नाही. आकाश निरभ्र असताना, दूर कुठं दरवाजा उघडला म्हणूनही ते वाढू शकतं. अशा काठावर संकष्टीला, भाद्रपदात, माघात हजारो माणसं येतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना ही नदी ओळखीची नसते. म्हणून अशा ठिकाणी दुतोंड्या मारुतीसारखी एक खूण हवी. एक दगडी खांब चालेल. त्यावर ठळक पट्टे हवेत, आणि कोणत्या पट्ट्यापर्यंत पाणी आलं की काठ सोडायचा, हे साध्या मराठीत लिहिलेलं हवं. धरणावरून गावाला वेळेत निरोप यावा आणि देवळाच्या ध्वनिक्षेपकावरून तो भाविकांना सांगितला जावा. याला फार पैसा लागत नाही. कुणी कुणाला कळवायचं, हे ठरवावं मात्र लागतं.

आणि ही थांबलेली, शांत दिसणारी कुकडी दुबळी आहे असं कुणी समजू नये. येडगाव सोडून ती पुढे निघोजला जाते. तिथले रांजणखळगे आपण पाहिले असतील. काळ्या कातळात माणूस उभा मावेल असे खोल, गोल रांजण तिनं कोरले आहेत. भोवऱ्यात सापडलेले गोटे फिरवत फिरवत हजारो वर्षं तिनं हे काम केलं. ज्या पाण्यानं सह्याद्रीचा कातळ कोरला, त्याच्यापुढे माझ्या जाळीचा आणि दोन फूट भिंतीचा काय पाड लागणार होता? पुढे ही नदी घोडेला मिळते, घोड भीमेला, आणि तेच पाणी चंद्रभागा म्हणून पंढरपूरच्या वाळवंटात येतं. तिथं पुंडलिकाचं देऊळ नदीच्या पात्रातच उभं आहे. पुरात ते पाण्यानं वेढलं जातं, पाणी ओसरलं की पुन्हा वारकरी तिथं माथा टेकतात. पाणी आलं म्हणून कुणी देव बदलला नाही, आणि देव आहे म्हणून पाण्यालाही कुणी अडवलं नाही.

श्रोतेहो, आपल्या गावच्या नदीकाठी उद्या काही बांधायचं ठरलं, तर ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत उठून एक प्रश्न जरूर विचारा. उद्घाटनाच्या दिवशी ही जागा कशी दिसेल, हे ते सांगतीलच. तुम्ही विचारा, पूर ओसरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ही जागा कशी दिसेल, आणि ती पुन्हा वापरात यायला किती दिवस लागतील? उत्तर "दोन दिवस, फावडी आणि पाण्याचा पाइप" असं आलं, तर काम चांगलं आहे असं समजा. "पुन्हा निधी लागेल" असं आलं, तर नकाशा परत पाठवा.

माझा नकाशा तेव्हा कुणी परत पाठवला नाही. पाठवला असता, तर चार घरांतलं धान्य वाचलं असतं. नंतर त्या गावानं तिथली भिंत पुन्हा बांधली नाही. उतार केला, पायऱ्या केल्या. मी पुढे एकदा मुद्दाम पाहायला गेलो होतो. पाणी नुकतंच येऊन गेलं होतं. पायऱ्या धुतलेल्या होत्या आणि त्यांवर धुणी वाळत पडली होती.